बारा नंबरची विहीर

दिवाळी नुकतीच झाली होती आणि मी गडमुडशिंगीच्या पुढच्या एका गावात लूना घेऊन विहिरी शोधत फिरत होते... गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साल बहुतेक सत्त्याण्णव. विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि माझा प्रोजेक्ट होता गावातल्या विहिरींचं पाणी.

लूनावर पुढे थर्माकोलचा डबा. त्यात बर्फ आणि ब्राऊन पेपरात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या. पोरं मागे लागायची, त्यांना वाटायचं कुल्फीवाली आली!

ग्रामपंचायतीनं अकरा विहिरींची यादी दिली होती. अकरावी बाटली भरून निघाले, तर बौद्ध वस्तीच्या तोंडाशी एका साठीच्या बाईंनी हात करून थांबवलं. सोनाआक्का त्यांचं नाव.

"आमची हीर न्हाय व्हय तुझ्या कागदावर?"

खरंच नव्हती. एक बाटली जास्तीची होती, ती भरून घेतली. आक्का शेजारी उभ्या राहून बघत होत्या. माझं नाव विचारलं, मग आडनाव. मग घरी नेलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी पटकन "नको" म्हटलं. आमच्या सरांची सक्त ताकीद होती, फील्डवरचं पाणी तपासल्याशिवाय प्यायचं नाही. त्या दिवशी गावभर मी तसंच नको म्हणत आले होते, कुणाला काही वाटलं नव्हतं.

आक्कांनी तांब्या मागे घेतला. "ऱ्हाऊ दे. कळतंय आमास्नी."

मला ते कळलं परतीच्या वाटेवर गडमुडशिंगीपर्यंत आल्यावर... लूना कडेला लावून तशीच उभी राहिले. आडनाव सांगून झाल्यावर मी नको म्हटलं होतं. ज्यांच्या हातचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या नाकारलं गेलं, त्यांच्या घरात बसून मी तेच करून आले होते.

मागे फिरावं, तर बाटल्या वेळेत लॅबला पोचायला हव्या होत्या. फिरले नाही. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. आक्का शेणी थापत होत्या. "आक्का, पाणी द्या," म्हटलं. त्यांनी एकदा बघितलं, हात धुऊन तांब्या आणला. मी उभ्याउभ्या अख्खा तांब्या संपवला आणि सरांची ताकीद वगैरे सगळं सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. पटलं की नाही, काही कळेना.

तीन दिवसांनी रिपोर्ट आले. अकरांपैकी चार विहिरी खराब... आणि बारावी सगळ्यात खराब. (माझं पोट दोन दिवस का बिघडलं होतं, तेही कळलं!)

आता हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांना वाटणार, आधी पाणी नाकारलं, आता विहिरीला नावं ठेवते. पण वस्तीतली लहान मुलं तेच पाणी पीत होती. गेले, आणि दारातच सगळं सांगून टाकलं. पोटाचंसुद्धा.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग जे हसायला लागल्या...

"म्हंजे तुझा त्यो सर खरंच हाय व्हय? आनि तरीबी प्यालीस? एवढं शिकून येडीच ऱ्हायलीस की गं! ये आत. च्या पी, चांगला उकळून करते."

चौकशी केल्यावर उलगडलं, जंतुनाशक पावडर फक्त यादीतल्या विहिरींत पडायची. रिपोर्टची झेरॉक्स घेऊन आम्ही दोघी पंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले, यादी जुनी आहे, बघू. आक्का समोरच्या खुर्चीत बसल्या. "बगू नगा, लिवा. बारा नंबर लिवा." ते लिहीपर्यंत उठल्याच नाहीत. त्याच आठवड्यात वस्तीच्या विहिरीत पावडर पडली.

आक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला दारातूनच परतवून लावायचा त्यांना पुरता हक्क होता. त्यांनी आत बोलावलं... त्याबद्दल आक्का, इतक्या वर्षांनी, थँक्यू.