शिळं पाणी

परवा सकाळी कमरीपेठेत आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं. समोरच्या अक्कांनी "नीर बंदाव" म्हणून हाक दिली आणि घरोघरी बादल्या वाजायला लागल्या. हुबळीबाहेरच्यांसाठी सांगते... आमच्याकडे पाणी रोज येत नाही, मध्ये आठवडाही जातो.

माझं लक्ष मात्र आईकडे होतं. किडनी स्टोननं ती नुकतीच परत ॲडमिट होऊन आली होती. डॉक्टरांनी या वेळी स्पष्टच सांगितलं... पाणी कमी पडतं म्हणून खडे होतात, इन्फेक्शन होतं, आत सूज येते. हे असंच वर्षानुवर्षं चाललं तर किडनी कायमची जाईल. मी जाम घाबरले.

मी वकील, हट्ट हा माझा धंदाच. बाटली आणली, मोबाइलवर अलार्म लावले, धारवाडच्या कोर्टातून तिला फोन केले. आई दर वेळी "प्यायले ग" म्हणायची आणि दोन घोटांवर भागवायची.

तर परवा, नवं पाणी भरायचं म्हणून तिनं पितळी घागर उचलली. घागर जवळजवळ भरलेली... ती सरळ जास्वंदीच्या बुडाशी ओतायला लागली. नवं पाणी आलं की जुनं शिळं, ते झाडांना, अशी इथली घरोघरची रीत. माझं डोकंच फिरलं. हे आठवडाभर कुणासाठी राखलं होतंस, म्हणून मी तिचा हातच धरला.

"कुणी आलं-गेलं तर? दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं होय?"

"आणि तुला?"

"मला काय ग, घोटभर पुरतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडूच आलं... सगळ्यांची तहान धरून ती पाणी भरायची, फक्त स्वतःची सोडून.

तिथंच ठरवलं, अलार्म बंद. एक मोठा तांब्या घासून भरला, तिच्या खाटेशी ठेवला. सांगितलं, हा तुझा एकटीचा... पाव्हणे आले तरी यातलं द्यायचं नाही. सकाळी मी भरणार, तू रिकामा करणार.

आज दुपारी समोरच्या अक्का उन्हातून आल्या. खाटेवर टेकल्या आणि सहज तांब्याला हात घातला. मी स्वयंपाकघरातून बघत होते... आई आता देऊन टाकणार, खात्रीच होती.

"इदु नंदु, अक्का," आई म्हणाली. म्हणजे, हा माझा. मग उठून तिनं त्यांना घागरीतलं पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून आपल्या तांब्यातलं स्वतः प्यायली.

इतक्या वर्षांत मी आईला कशालाच 'माझं' म्हणताना ऐकलं नव्हतं. आता काही झालं तरी तो तांब्या रोज भरणार.