वळसंगच्या देव्हाऱ्यातून आमची देवी आणली

चौथीपर्यंतच शिकले आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, अक्षरही कोंबडीच्या पायांचं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण वळसंगला जाऊन आले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

आम्ही पारधी, सोलापुरात सेटलमेंटच्या (सरकारनं आमच्या जमातीला कोंडलेल्या वस्तीच्या) तारेआड राहतो. साहेबानं दिवस मावळेपर्यंतचा दाखला (बाहेर जायची परवानगी) दिला आणि मी नि काका सर्व्हिस मोटारीत बसलो. माझी पहिलीच मोटार! प्रत्येक खड्ड्याला पोटात गुदगुल्या. काका दांडा धरून ओरडला, "आरं, हिचा लगाम कुटं हाय?" सगळी मोटार हसली. मी पदरात तोंड घालून हसले.

दुष्काळात काकानं कुळदेवीचा टाक (देवी उठवलेला चांदीचा पत्रा) वळसंगच्या वाण्याकडं गहाण ठेवून अकरा रुपयांची ज्वारी आणली होती. तेव्हापासून आमच्यात देवीची जत्रा झाली नाही. त्या दिवशी ती सोडवायची होती.

वाणीणबाईंनी अंगणात भाकरी नि शेंगाची चटणी दिली. मग ताम्हन आणलं. त्यात पाच टाक!

"तुमचा कुटला त्यो बगा. आमच्या देवांसंगं पुजला. गहाण असली तरी देवीच की! उपाशी कशी ठिवू?"

पुजून पुजून सगळे टाक गुळगुळीत. काकाला अंधूक दिसतं, आणि आमच्यात बाईनं देवीला हात लावायचा नाही, म्हणून मी ती कधी जवळून पाहिलेलीच नव्हती. चुकीचा टाक नेला तर दुसऱ्याच्याच देवीला आमचा बोकड!

वाणी म्हणाला, "कुटला बी न्या. चांदी सारकीच."

"देवी म्हंजी काय कांदा हाय व्हय?" काका खेकसला. मग मला म्हणाला, "पोरी, आजीचं गाणं म्हण."

चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. डोळे मिटून आमच्या बोलीत सुरू केलं. काका मराठीत सांगत गेला, "देवी रानातनं निगाली... बोकडावर बसली... नदीत एका कानातलं कुडं पडलं..."

"अगं बाई, एकच कुडं! हीच की!" एका टाकावर बोट ठेवून वाणीणबाई ओरडल्या. गाणं राहिलं आणि मी खो खो हसत सुटले. काकानं देवी पटक्यात बांधली.

पैसे मोजले तर आठ आणे कमी. मोटारीच्या जाण्यायेण्याच्या भाड्यानं खाल्ले होते.

"ऱ्हाऊ द्या, गाण्याचे झाले," बाई म्हणाल्या.

"न्हाय," मीच बोलले, "आमची देवी उधारीवर नांदायची न्हाय. धाडून देईन."

परतताना मोटारभर मी तेच गाणं गुणगुणत होते. आजी नाही, पण तिनं शिकवलं म्हणून देवी सापडली. आता धाकट्या पोरींना शिकवायला घेतलं आहे. आणि मी गिरणीत कामाला जाते, त्या पगारातून आठ आणे धाडले, ते पोचल्याचं आज कळलं. पै न पै फिटली.