विजयेंद्र रावांचे डोळे आणि गढूळ समुद्र

विजयेंद्र रावांना जवळचं दिसत नाही, हे चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. इस्त्रीवाल्याला ठाऊक होतं, कारण राव दुसऱ्याचेच शर्ट आपले म्हणून उचलायचे. कोपऱ्यावरच्या मेसवाल्याला ठाऊक होतं, कारण राव हातातलं मेनूकार्ड न बघता आधी विचारायचे, "आज काय बरं आहे?" एकट्या रावांनाच ते मान्य नव्हतं.

मी त्यांची शेजारीण. नोकरीसाठी साताऱ्याहून इथे आले. राव पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेल्या मराठी घराण्यातले, स्वतः मात्र इथेच वाढलेले. पहिल्याच भेटीत माझं बोलणं ऐकून म्हणाले होते, "तुमची मराठी नवी दिसते. टिकेल का पाहूं." असा हा माणूस. स्वतःचं सोडून बाकी सगळं कच्चं, नवं, तपासून घेण्याजोगं.

गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात ते व्हॉल्व्ह तपासणीचे प्रमुख होते. "माझ्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नाही," हे त्यांनी तिथे इतकं ऐकवलं होतं की निवृत्तीच्या समारंभात भाषणं करणाऱ्यांनीही तेच परत ऐकवलं. खरं तर त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते माप स्वतः वाचतच नव्हते. हाताखालच्या माणसाला म्हणायचे, "तू वाच, तुझी परीक्षा आहे." कंपनीत दरवर्षी डोळे तपासायला डॉक्टर यायचे, तेव्हा रांगेत मागे उभं राहून पुढच्यांचं ऐकत हातात धरून वाचायचा तक्ता पाठ करायचे. घरी रंजनीबाई त्यांना पेपर वाचून दाखवत. का, तर बायकोचा आवाज गोड आहे म्हणे. इतक्या खटपटीत चार चष्मे आले असते. पण चष्मा म्हणजे म्हातारपण, आणि म्हातारपण म्हणजे ज्यांना दुसरं काही जमत नाही अशा लोकांचा उद्योग, असं रावांचं मत होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी समुद्रात बुड्या मारायचा छंद धरला. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं, मासे बघायचे आणि वर यायचं. पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यावर हे शिकवणारं एक केंद्र आहे. एक मान्य करायला हवं, पाण्यात ते चांगले होते. लहानपणापासून मरीनाच्या पोहण्याच्या तलावात पोहलेले, श्वास संथ, घाबरणं माहीत नाही. त्यांना शिकवणारा गिरिधर सांगायचा की तरुण मुलांपेक्षा रावसारना हवा कमी लागते. हे वाक्य रावांनी गल्लीत घरोघरी पोचवलं. त्याचं पुढचं वाक्य पोचवलं नाही. ते असं होतं: "पण सार, तुमच्या वयाला नंबरचा मास्क घ्या. गेज वाचता आलं पाहिजे."

हे गेज म्हणजे टाकीत किती हवा उरली ते दाखवणारं काट्याचं घड्याळ. टाकी भरलेली असताना काटा दोनशेवर असतो, पन्नासवर आला की वर निघायचं. नळीला लटकलेलं असतं आणि हातात धरून वाचायचं असतं. म्हणजे नेमकं तिथे, जिथे रावांना धुकं दिसायचं. चष्मा लावून वर मास्क घालता येत नाही, काड्यांच्या फटीतून पाणी आत शिरतं. त्यामुळे काचच नंबरची लागते.

राव रंजनीबाईंना घेऊन मास्क आणायला गेले. त्या दुकानात मीही होते, मला पोहायचा चष्मा हवा होता. दुकान क्रिकेटच्या बॅटींचं. मास्क एका कोपऱ्यात टांगलेले आणि विकणाऱ्या पोराला त्यातलं एवढंच माहीत की काळा महाग असतो. रावांनी काळा घेतला. आरशात पाहिलं, मिशीवरून हात फिरवला, पुन्हा पाहिलं. मास्क विकत घेताना माणसाने त्यातून बाहेर बघावं अशी साधारण अपेक्षा असते. राव मास्कमधले राव बघत होते.

"ह्यात कण्णाडीची काच बसते का, विचारा की," रंजनीबाई म्हणाल्या. चष्म्याला त्यांच्या घरी कण्णाडीच म्हणतात.

"मज कण्णाडी कशाला? ते समोरचं बोर्ड वाचून दाखवूं का?" आणि रावांनी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी घडाघडा वाचली. ती पाटी त्यांच्या लग्नाआधीपासून तिथे आहे. डोळे बांधूनही वाचली असती.

रंजनीबाई हलल्या नाहीत. "गिरिधरांनी सांगितलंय. नंबर घातल्याशिवाय मी येत नाही इथून."

पोराने विचारलं, "सार, पवर किती?"

नंबर रावांना माहीत असायचं कारणच नव्हतं. कमीत कमी अपमानाचा आकडा म्हणून ते म्हणाले, "वन."

प्लस की मायनस, हे त्या पोराने विचारलं नाही आणि रावांनी सांगितलं नाही. तयार काचा दुकानात मायनसच्याच होत्या, लांबचं न दिसणाऱ्या तरुणांसाठी. पोराने त्याच बसवल्या. एकाला विकायची घाई, दुसऱ्याला लपवायची. ज्याला जवळचं दिसत नाही, त्याला आणखी कमी दिसेल अशी काच बसवून घेऊन राव छाती काढून बाहेर पडले.

तेव्हापासून चेन्नईचा समुद्र बिघडला. राव दर रविवारी परत येऊन सांगू लागले की पाणी फार गढूळ झालंय. कारखाने, बंदर, मच्छीमार, सरकार, सगळ्यांवर त्यांनी ठपका ठेवला. एकदा तर जिन्यात मला अडवून म्हणाले, "आमच्या काळीं तळाची वाळू मोजून घ्यावी असं पाणी होतं." त्यांच्या काळी ते पाण्याखाली कधी गेलेच नव्हते.

गेजचं त्यांनी काय केलं? पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार असतो. रावांची जोडीदार देविका, अंबत्तूरला आयटी कंपनीत काम करणारी पुण्याची मुलगी. थोड्या थोड्या वेळाने दोघांनी बोटांच्या खुणांनी एकमेकांना आपली हवा सांगायची असते. राव नेहमी आधी तिला विचारायचे. ती सांगेल त्यात थोडं वाढवून आपला आकडा द्यायचे, कारण आपल्याला हवा कमी लागते हे त्यांनी ऐकलेलंच होतं. देविकाला वाटायचं, काका किती काळजी घेतात, सारखे माझी हवा विचारतात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तळाशी पाण्याला ओढ फार होती. खडकापर्यंत पोचायला दोघांना जोरात पाय मारावे लागले, आणि रावांना तरुणपणा सिद्ध करायचा असल्याने त्यांनी देविकाच्या पुढे राहायचं ठरवलं. खडकाशी पोचल्यावर तिने सांगितलं, शंभर. रावांनी सांगितलं, एकशे वीस. पण ते धापा टाकत होते, तोंडातून बुडबुड्यांचा लोंढा चालला होता. देविकाला ते पटेना. ती जवळ आली आणि त्यांचं गेज हातात घेऊन पाहिलं. काटा तिशीच्याही खाली होता.

पुढचं तिने मला सांगितलं. रावांनी नाही. तिने अंगठा वर केला, म्हणजे वर चला. राव हाताने नको म्हणाले आणि खडकाकडे बोट दाखवू लागले. तिने त्यांचा पट्टा धरला आणि सोडला नाही. ते हळूहळू वर येत असताना अर्ध्या वाटेत रावांचा श्वास अडला, ओढला तरी हवा येईना. मास्कच्या आत त्यांचे डोळे एवढे मोठे झाले. देविकाने आपल्या टाकीची जादा नळी त्यांच्या तोंडात दिली. तिला वाटलं होतं ते हिसकाहिसकी करतील, पण नाही. ते तिच्या हाताला धरून अगदी शाळकरी पोरासारखे वर आले. घाई केली नाही, मधे थांबायचं तिथे थांबले. तेवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

बोटीवर मास्क काढल्यावर मात्र राव परत राव झाले.

"पाणी गढूळ होतं. गेज दिसलं नाही," ते म्हणाले.

देविका तशीच ओली समोर येऊन म्हणाली, "मला दिसलं की! तुमचं गेज मी वाचलं. त्याच पाण्यात."

"त्या गेजचं छापणंच बारीक आहे, म्हणून—"

"काका, आजवर कधी वाचलंत का तुम्ही ते? एकदा तरी?"

गिरिधरने रावांचा मास्क उचलून डोळ्यांसमोर धरला, मागेपुढे केला. "ह्या मायनस काचा आहेत सार. कोणी दिल्या?"

रावांनी त्या पोराचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि नाव आठवेना म्हणून मिटलं. डॉक्टरचा कागद आणि योग्य मास्क असल्याशिवाय बोटीवर पाय ठेवायचा नाही, असं गिरिधरने सांगितलं. हातात हात घेऊन, सार म्हणत, पण सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी रंजनीबाईंना सांगितलं की केंद्रातले लोक आता व्यापारी झालेत, आपण सोडलं. देविकाने आधीच फोन केला होता हे त्यांना माहीत नव्हतं. रंजनीबाईंना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नाही, त्या दिवशीही नाही. भिंत पातळ आहे, म्हणून ऐकू आलं.

"तुम्हांस दिसत नाही हे मज आपल्या लेकीच्या, कीर्तनाच्या लग्नापासून माहीत आहे. पत्रिकेत चूक राहिली ती तुम्ही तपासलेली. मी बोलले नाही. कारखान्यात लोक हसत, तेही बोलले नाही. उगीच तुमचं मन कशाला मोडा म्हणून. पण खोट्या ऐटीपायीं तुम्ही समुद्रांत मेला असतां तर मी लोकांस काय सांगणार होते? पाणी गढूळ होतं म्हणून?"

मग रावांचा आवाज आला, "सेरि, बरं. उद्यां डोळे दाखवायला जाऊं."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे हातात धरायचा तक्ताच नव्हता, डोळ्यांजवळच्या छोट्या पडद्यावर अक्षरं बदलत होती. रावांचं पाठांतर फुकट गेलं. लांबचा नंबर जवळजवळ नाहीच निघाला, जवळचा मात्र चांगला जाडजूड. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते इतकं साधं होतं की रंजनीबाईंकडून ऐकून मला राग आला. दोन काचांचा मास्क घ्या, लांबचं काही बदलू नका, आणि काचांच्या खालच्या भागात आतून अर्धचंद्राएवढं वाचायचं भिंग बसवून घ्या. समोर पाहिलं की समुद्र, खाली पाहिलं की गेज. एवढंच. ह्या एवढ्यासाठी एका मुलीला तळाशी एका म्हाताऱ्याला पट्ट्याने धरून ठेवावं लागलं.

मास्क ह्या वेळी रंजनीबाईंनी निवडला. घालून आरशात बघू दिलं नाही. दुकानातच रावांना औषधाची पट्टी वाचायला लावली, मग हात लांब करून, मग जवळ घेऊन. चेहऱ्याला मास्क चिकटतो का ते नाकाने श्वास ओढून बघायचं असतं. चिकटला नाही. मिशी आड येत होती. रावांनी दुकानभर पाहिलं, कोणी मदतीला येतंय का म्हणून. कोणी आलं नाही. मिशीची नाकाखालची पट्टी दुसऱ्या दिवशी न्हाव्याने काढली आणि उरलेली मिशी अशी काही दिसू लागली की आठवडाभर राव संध्याकाळचे बाहेर पडले नाहीत.

नव्या मास्कने पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना वाटलं असावं की आपलं स्वागत होईल. ते थेट देविकाकडे गेले, मास्क पुढे केला. "पाहा. आता सगळं दिसतं. चल, जोडी करूं."

"नको काका."

"आतां का नको? दिसतं की!"

"डोळे बिघडणं मला चालतं," ती म्हणाली. "माझ्या आईचेही बिघडलेत. पण तुम्ही दर वेळी मला खोटा आकडा सांगत होतात. खाली मी तुमच्या बोटांवरच विश्वास ठेवते ना? दुसरं काय असतं तिथे?" आणि ती दुसऱ्या एका मुलीबरोबर पाण्यात उतरली.

राव गिरिधरबरोबर गेले. गेज वाचलं. गिरिधर म्हणतो, पहिल्या वेळी ते तळाशी फक्त गेजच बघत राहिले, समुद्राकडे लक्षच नाही. मग त्याने खडकावरची एक शंख नसलेली गोगलगाय दाखवली, नखाएवढी, निळी, पिवळ्या कडेची. राव तिच्यापाशी इतके थांबले की त्याला त्यांना हलवावं लागलं.

देविकाने त्यांना अजून जोडीला घेतलेलं नाही. दोनदा विचारून झालं आहे. दुसऱ्यांदा राव म्हणाले होते, "माझी चूक झाली." ते तिने ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाली आणि आपली टाकी उचलून बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.