सोळा ढीग

मोहर्लीला वाघ पाहायला येणाऱ्यांनी सोमारी मडावीच्या हातचं वांग्याचं भरीत खाल्लेलं असतं, पण सोमारीला कुणी पाहिलेलं नसतं. लॉजच्या मागे पत्र्याचं स्वयंपाकघर, त्याला एक खिडकी. भरलेली ताटं तिच्यातून बाहेर येतात, उष्टी आत जातात, आणि मध्ये कोण आहे याची चौकशी करायला वाघाच्या मागे लागलेल्या माणसाला सवड कुठली? तर ही सोमारी, वय पस्तिशीच्या आसपास, चौथी पास, अंगाने काटक आणि बोलायला बेताची. २००९ च्या मे महिन्यात एका भर दुपारी तिने नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोराला सगळ्या ड्रायव्हर-गाइडांसमोर चीत केलं. तेही त्याच्याच खेळात.

तो खेळ आधी समजून घ्यायला हवा. हातात मावेल एवढी काळी डबी, मध्ये काच, दोन्ही बाजूंना बटणं. आत मारामारीचा खेळ. पण साधी मारामारी नाही. आठ वेगवेगळ्या गोष्टींतली माणसं त्या खेळात एकत्र आणली होती, प्रत्येक गोष्टीतला एक नायक आणि त्याच गोष्टीतला एक खलनायक, असे एकूण सोळा गडी. कुणी तलवारवाला, कुणी हातोडा घेऊन फिरणारा जाड्या, आणि एक काठी टेकत चालणारी म्हातारीसुद्धा. एकेक लढाई जिंकली की पिवळे मणी मिळायचे. ते मणी ज्या गड्याला द्याल त्याची ताकद वाढायची, लेव्हल चढायची. पहिल्या लेव्हलचा गडी फुंकर मारली तरी पडावा, शंभराव्या लेव्हलचा भिंत फोडून यावा, असा सगळा मामला.

डबी होती जिशानची. जिशान म्हणजे लॉजमालकाचा मुलगा, तोच तो इंजिनिअरिंगवाला. दोन वर्षांपूर्वी तिची चार्जिंगची पिन ढिली झाली तेव्हा त्याने ती स्वयंपाकघराच्या फळीवर टाकली, ‘ठेव बाई, बिघडली हाये’ म्हणाला आणि नागपूरला जाऊन नवी घेतली. सोमारीने ती अयूबभाऊला दाखवली. अयूब लॉजच्या जिप्स्या आणि जनरेटर दुरुस्त करायचा. काहीही बिघडलेलं दिसलं की ते उघडल्याशिवाय त्याच्या हाताला चैन पडत नसे. त्याने पिनेला डाग दिला, डबी उजळली, आणि पावसाळ्यात जंगल बंद झालं की तीन महिने ओस पडणाऱ्या त्या लॉजवर सोमारीला सोबत मिळाली.

काचेवरची इंग्रजी तिला वाचता येत नव्हती. त्याने काही अडलं नाही. चित्रं पाहून, दहादा चुकून, अकराव्यांदा बरोबर करून ती शिकली. गड्यांची नावं वाचता येईनात म्हणून तिने स्वतःच बारसं केलं, धानोऱ्याकडच्या तिच्या माहेरच्या गावातली नावं देऊन. धनुष्यवाला झाला वारलू, दोन सुऱ्या फिरवणारा पत्रू, हातोडेवाला जाड्या झिंगू, आणि काठीवाली म्हातारी बायनाबाई. हे गडी आठ गोष्टींतून आलेले आहेत, एकमेकांना ओळखत नाहीत, याचं तिला काही वाटलं नाही. लग्न होऊन ती मोहर्लीला आली तेव्हा तीही इथे कुणाला ओळखत नव्हती. एका ठिकाणी राहायला लागले म्हणजे एक गाव झालं.

आणि इथेच तिने ती गोष्ट केली जिच्यावर सगळे हसले. मणी मिळाले की ती सोळा ढीग करायची. जेवढे वारलूला तेवढेच झिंगूला, तेवढेच बायनाबाईला. नायकाला तेवढे, खलनायकालाही तेवढेच. कुणी लढलेला असो वा नसो.

अयूबला हे पाहवेना. खेळ त्यालाही थोडाफार कळत होता. त्याने तिला नीट समजावलं, की असं केल्याने सगळेच अर्धे कच्चे राहतात, हा खेळ असा खेळत नाहीत, एक गडी धरायचा आणि सगळं त्याच्यात ओतायचं. सोमारी भाजी चिरत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “मंग बाकीचे काय खातीन?”

“अरे बाई, खेळ हाये तो. आन हा तर खलनायक हाये. त्याले काऊन देऊन राह्यली?”

“गावातलाच हाये ना?” सोमारी म्हणाली आणि कांदा हाती घेतला.

अयूबने कपाळाला हात लावला. ड्रायव्हर मंडळींना ही गोष्ट कळल्यावर तर विचारूच नका. सकाळची सफारी आटोपून चहाला आले की कुणीतरी खिडकीतून डोकावून विचारायचा, काय बाई, आज म्हातारीचं पोट भरलं का? सोमारी त्याला चहा द्यायची, पण त्यात साखर कमी असायची. दोन वर्षांत तिचे सोळाच्या सोळा गडी तेविसाव्या लेव्हलला पोचले. एकही मागे नाही, एकही पुढे नाही. कुणाच्या हातचा वार किती लांब जातो, कोण उडी मारल्यावर अडखळतो, हे तिला सोळाही जणांचं पाठ होतं, कारण ती सगळ्यांना पाळीपाळीने लढवायची.

मग तो मे महिना आला आणि सुट्टीला आलेल्या जिशानने फळीवरची डबी उचलली. पोरगा वाईट नव्हता. नुसता विसरभोळा आणि थोडा उंडगा. मित्राला द्यायची आहे म्हणाला, उद्या परत जाताना नेतो. सोमारीने विचारलं, आतले गडी? तो सहज म्हणाला की ते पुसून टाकीन, मित्र नव्याने सुरू करेल, एका बटणाचं काम.

सोमारीचा हात चुलीपाशी थांबला. ती राहत होती ते घर नवऱ्याच्या बापाचं होतं. स्वयंपाकघर मालकाचं, भांडी मालकाची, अंगावरची साडीसुद्धा मालकिणीने दिलेली. या पस्तीस वर्षांत तिने स्वतःच्या हाताने मोठं केलेलं, दुसऱ्या कुणाचं नसलेलं असं काही असेल तर ते त्या काचेमागचं सोळा जणांचं गाव होतं. ते एका बटणाने पुसलं जाणार होतं. पण डबी त्याची होती हेही खरंच होतं, आणि सोमारीला खोटं भांडता येत नव्हतं.

“बाबू,” ती म्हणाली, “माह्यासंग खेळशीन? मी हरली त घेऊन जा. जितली त डब्बी इथीच राहीन, गड्याईसकट.”

जिशानला हसू आवरेना. दोन डब्या जवळ आणल्या की बिनतारी जोडून एकमेकांशी लढता येत होतं, आणि बाईशी खेळायला त्याची काहीच हरकत नव्हती. कसं खेळायचं ते तिनेच सांगितलं. एकेकट्याची कुस्ती नको, सगळं गाव उतरेल. पडला तो बसला, उभा राहिला तो उरलेल्या दमावर पुढच्याशी लढेल. ज्याचे सोळाही पडले तो हरला. खेळात ही सोय होतीच. जिशानने आनंदाने मान डोलावली. त्याचा तलवारवाला शंभराव्या लेव्हलला होता. तो एकटाच सोळा जणांचा चट्टामट्टा करेल याबद्दल त्याला शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिथे कुणालाच नव्हती.

दुपारची जेवणं झाली. पाहुणे कूलरसमोर आडवे झाले. जेवणघरात टेबलाच्या एका बाजूला जिशान, दुसऱ्या बाजूला पदराला हात पुसत सोमारी, आणि भोवती जिप्स्यांचे ड्रायव्हर, गाइड आणि अयूब. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा जिप्सीखालून निघेना.

तलवारवाला आला आणि त्याने वारलूला तीन वारांत आडवा केला. दुसरा पडला, तिसरा पडला. ड्रायव्हर लोक एकमेकांकडे पाहून हसले. चौथा, पाचवा. सोमारीचा चेहरा भात शिजला का पाहताना असतो तसाच. एवढंच की तिचा पडणारा प्रत्येक गडी पडायच्या आधी तलवारवाल्याला एखादा टोला देऊन पडत होता. टोला छोटाच. तलवारवाल्याच्या डोक्यावरची हिरवी पट्टी प्रत्येक वेळी नखभर कमी व्हायची. जिशानने तिकडे पाहिलं नाही. अयूबने पाहिलं. आठवा गडी पडला तेव्हा अयूबने हसणाऱ्या एका ड्रायव्हरला कोपराने गप्प केलं.

अकरा पडले. पट्टी दोऱ्याएवढी उरली. बारावा पत्रू दोन सुऱ्या घेऊन उतरला, तलवारवाल्याची उडी त्याने वाकून चुकवली, आणि शंभराव्या लेव्हलचा तो वीर पाठीवर पडला.

जिशान खुर्ची पुढे ओढून बसला. त्याचा दुसरा गडी साठाव्या लेव्हलचा होता. त्याने दमलेल्या पत्रूला संपवलं, मग तेरावा, चौदावा. पंधराव्या झिंगूने हातोड्याने त्याला चिरडला, पण स्वतः अर्धमेला झाला, आणि जिशानच्या चाळिसाव्या लेव्हलच्या तिसऱ्या गड्याने झिंगूलाही झोपवलं. सोमारीकडे आता एकच गडी राहिला. काठी टेकत बायनाबाई आली.

ड्रायव्हरांपैकी कुणीतरी, झालं, असं पुटपुटला. सोमारीच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो तिने पुसला नाही. बायनाबाईची काठी आखूड. समोरचा अगदी अंगावर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबणं सोमारीला येत होतं. मार खात, बाजूला सरत, पुन्हा उभी राहत म्हातारीने त्या चाळीसवाल्याला शेवटी पाडलं. तिच्याही पट्टीत आता दोन-तीन फटक्यांपुरताच जीव होता, आणि समोर तेरा जण बाकी.

मग जिशानचा चौथा गडी आला आणि अयूबच्या तोंडून “अरे बापरे” निघून गेलं. तो पहिल्या लेव्हलचा होता. पाचवा पहिल्या लेव्हलचा, सहावाही. मणी म्हणून जे काही त्याला दोन वर्षांत मिळालं ते जिशानने तिघांना चारलं होतं. बाकीच्या तेरा जणांना त्याने एकदाही हातात घेतलं नव्हतं. त्यांचं कोणतं बटण काय करतं हेही त्याला आठवेना. दोन वर्षं उपाशी उभी राहिलेली ती माणसं एकेक करून समोर येत होती आणि बायनाबाई प्रत्येकाला काठीचे दोन फटके देऊन बसवत होती. पाच बसले. आठ बसले. नवव्याने एक फटका दिला, पण म्हातारी उभी राहिली. मघाशी हसणारे ड्रायव्हर आता मोजत होते, दहा, अकरा, बारा, आणि तेरावा पडला तेव्हा जेवणघरात असा कल्ला झाला की कूलरसमोरचे पाहुणे उठून विचारायला आले, वाघ दिसला का?

सोमारी हसत होती. इतकी मोकळी हसताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो घाम आहे असं सांगायची तिला गरजही वाटली नाही.

जिशान हातातल्या डबीकडे पाहत होता. हरल्याचं त्याला फारसं वाटलं नसावं. त्याला दुसरंच काही कळेनासं झालं होतं. सगळे पांगल्यावर तो खिडकीशी आला आणि त्याने विचारलं, की या खेळात म्हातारीला कुणीच मणी देत नाही, सगळ्यात कच्चा गडी तो, तिच्यावर तू दोन वर्षं का घालवलीस?

सोमारी ताटं घासत होती. राख लागलेले हात तसेच ठेवून तिने सांगितलं. तिच्या माहेरी गावाची एक बोडी आहे, छोटं तळं. उन्हाळ्यात पाणी आटलं की सारं गाव बोडीत उतरतं, मासे धरतं, आणि काठावर पळसाच्या पानांवर ढीग लावतात. घर तेवढे ढीग, सगळे सारखे. सोमारी तीन वर्षांची असताना तिचा बाप गेला. घरात ती आणि आजारी आई. बोडीत उतरायला कुणी नाही.

“आमच्या घरून कोनीच नोहोतं गेलं,” ती म्हणाली. “तरी बायनाबाई आमचा ढीग घेऊन आली. गावचे ढीग तेच वाटे. दर साली आनला तिनं, माह्यं लगन होयेपर्यंत. त्या मच्छीवर मोठी झाली मी, बाबू.”

जिशानने खिशातून आपली नवी डबी काढली, ती सुरू करून खिडकीच्या फळीवर ठेवली आणि विचारलं, ते सोळा ढीग करायचे कसे?

सोमारीने हात धुतले, पदराला पुसले. आजच्या लढाईचे मणी तिच्या डबीतही साचले होते. आधी आपले वाटते, तू पाहा, म्हणाली. पडलेल्या पंधरा जणांना तिने एकेक करून उठवलं, प्रत्येकाचा ढीग त्याच्यापुढे ठेवला, आणि पहिला ठेवला तो बायनाबाईपुढे.