सात टीम, एक बाय

आम्ही पीटीचे सर लोक. कॉलेजच्या पाटीवर आमच्या पदाचं नाव ‘शारीरिक शिक्षण संचालक’ असं भारदस्त असतं, पण पोरं पीटी सरच म्हणतात. जिल्ह्यातले आम्ही सात जण वर्षातून एकदा बास्केटबॉलच्या ड्रॉसाठी एकत्र बसतो. कोणाची मॅच कोणाशी आणि कुठं, हे ठरवायची ती बैठक. ती अर्ध्या तासात आटोपते. नंतरचा चहा मात्र दोन तास चालतो! कारण प्रत्येकाकडे मागच्या वर्षीचं एक तरी गाऱ्हाणं असतं, आणि गाऱ्हाणं वर्षभर मुरलं की त्याचा किस्सा होतो. माझ्याकडे तर बरणी भरली आहे.

मी वानखडे. आमचं कॉलेज जळगाव जामोदला. आमची मुलींची टीम बरी आहे, म्हणजे खरंच बरी आहे. पण स्पर्धा बहुतेक वेळा होते ठोसर सरांच्या कॉलेजात. त्यांच्या गावाचं नाव सांगत नाही. मला पुन्हा तिथंच टीम घेऊन जायचं आहे!

*

टीमा सात. त्यामुळे एका टीमला पहिल्या फेरीत खेळावंच लागत नाही, ती बसल्याजागी पुढं जाते. याला बाय म्हणतात. ही बाय ओळीनं चार वर्षं ठोसर सरांच्या कॉलेजला मिळाली. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, डबा ठोसर सरांचा, आणि डब्यात हातही ठोसर सरांचाच.

पाचव्या वर्षी चिखलीकडच्या कॉलेजात जाधव मॅडम नव्यानं आल्या. मूळच्या उंद्रीच्या. बोलायला मऊ, पण ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, यंदा चिठ्ठ्या मी काढते.”

ठोसर सर नाही कसं म्हणणार? मॅडमनी सगळ्यांदेखत डबा खळखळ हलवला, डोळे मिटले आणि बायसाठी चिठ्ठी काढली. निघालं मॅडमचंच कॉलेज!

ठोसर सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “मॅडम, हे काही बरोबर नाही. बाय यजमानाची असते. प्रथा हाय ते!”

“मग सर, चिठ्ठ्या कायले करता?”

“वा! ड्रॉ पारदर्शक नको का?”

*

आता सीडिंगचं ऐका. दोन तगड्या टीमा पहिल्याच दिवशी एकमेकींशी भिडू नयेत, म्हणून मागच्या वर्षीच्या पहिल्या दोन टीमा ड्रॉच्या दोन टोकांना ठेवतात. साधी गोष्ट. पण एका वर्षी फायनलच्या दिवशी ग्राउंडवर गुडघाभर पाणी साचलं, फायनल झालीच नाही. मग पुढच्या वर्षी पहिलं सीड कोण?

ठोसर सर म्हणाले, “कॉलेजच्या स्थापनेप्रमाणं लावू. जुनं कॉलेज पहिले.” सगळ्यात जुनं कॉलेज कोणाचं, हे सांगायला नकोच.

मी म्हटलं, “सर, बास्केटबॉल हाय का लग्नाची पंगत? वयानं कोण बसवते?”

“ज्येष्ठतेचा मान राखा लागते, वानखडे.”

जाधव मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मग लोणारचं सरोवर पहिलं सीड टाका. त्याच्याहून जुनं तं जिल्ह्यात काहीच नाही!”

सगळे खो-खो हसले. हसला नाही फक्त बैठकीचा वृत्तांत लिहिणारा क्लार्क. पंधरा दिवसांनी वृत्तांत हातात आला. त्यात लिहिलं होतं : ‘लोणारबाबत सूचना प्राप्त झाली. प्रस्ताव विचाराधीन.’

*

आमची मॅच कायम सकाळी साडेसातला. जळगाव जामोदहून पहिली एसटी ठोसर सरांच्या गावी पोचते नऊला. मी फोन केला, “सर, जरा दुपारची द्या ना.”

“अरे, मग आदल्या दिवशी मुक्कामाले या.”

“तुमच्या पोरी तं घरून चालत येतात, सर. आमच्या पोरी एसटीत तीन तास उभ्या राहून येतात.”

“उभ्या राहून?” ठोसर सरांनी विचारलं. मला वाटलं, विरघळले. मग म्हणाले, “चालून पाय दुखत नाहीत का बे?”

*

त्यांच्या ग्राउंडवर एका रिंगच्या डाव्या अंगाला कडुनिंबाचं झाड आहे. एक फांदी थेट बोर्डाच्या वर आलेली. बॉल फांदीला लागला तर खेळ चालूच, असा तिथला नियम. त्यांच्या पोरी त्या फांदीखालीच लहानाच्या मोठ्या झालेल्या. कुठून टाकला की फांदीला लागून रिंगमध्ये पडतो, हे त्यांना पाठ! आमच्या पोरी बिचाऱ्या बॉल वर टाकून झाडाकडे पाहत बसायच्या.

आमची कॅप्टन करुणा हिवाळे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. आई आशा वर्कर, वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणारे. पोरगी अशी, की तिला बॉल दिला आणि बाकीच्या चौघी बसून राहिल्या तरी मॅच बघण्यासारखी होईल. तिला विद्यापीठाच्या टीममध्ये जायचं होतं. पण पहिल्याच मॅचमध्ये हरलं की निवड समितीच्या नजरेला पोरगी पडतच नाही, आणि पुढं नोकरीच्या फॉर्मवर खेळाडूच्या रकान्यात लिहायला काही राहत नाही. हा आमचा सगळ्यात मोठा सल होता. हसतो आम्ही, पण सल होता.

एका वर्षी ती मॅचच्या आधी वॉर्मअप सोडून अर्धा तास त्या झाडाखाली उभी. मी ओरडलो, “करुणा, काय पाहून राह्यली?”

“फांदी पाहून राह्यली, सर.”

यजमान टीमशी झालेल्या त्या मॅचमध्ये तिनं फांदीवरून तीन बास्केट टाकल्या. ठोसर सर तणतणत टेबलाकडे धावले, “हे चालणार नाही! फांदी आमची हाय!”

*

शेवटी आम्ही सहा जणांनी एकी केली आणि स्पर्धा तिऱ्हाईत ठिकाणी घ्यायला लावली. शेगाव! रेल्वे आहे, राहायची सोय आहे, आणि ग्राउंड कोणाच्याच कॉलेजचं नाही. ठोसर सरांनाही विरोध करता येईना. शेगावला नको म्हणणार कोण?

पहिल्या मॅचची वेळ झाली. ग्राउंडवर मी, एक बॉल आणि पाणी मारून ओलं केलेलं कोर्ट. दोन्ही टीमा गायब, रेफ्री गायब. फोन लावला. करुणा म्हणाली, “सर, दर्शनाच्या रांगेत हाओत. ठोसर सरांची टीम आमच्या मागंच हाय.”

“आणि रेफ्री?”

“ते आमच्या पुढं हायेत. टॉस झाला, सर. बाजू निवडली आम्ही.”

*

मग एका वर्षी स्पर्धा आमच्याकडे आली. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “वानखडे, पाहुणे बोलावले आहेत. आपली टीम फायनलला दिसली पाहिजे. बाकी तुम्ही समजदार आहात.”

मी समजदार निघालो नाही. काचेची बरणी आणली. प्रत्येक कोचनं आपल्या हातानं आपली चिठ्ठी काढायची, असं ठरवलं. मी माझी काढली. पहिल्या दिवशी पहिली मॅच, ठोसर सरांच्या टीमशी!

ग्राउंडवर येऊन पोरींना सांगितलं. प्रामाणिकपणावर चार शब्द बोलायचे मी मनाशी ठरवून आलो होतो. तेवढ्यात करुणा म्हणाली, “सर, बाकीचे सर आपल्या पोरींसाठी किती लांड्यालबाड्या करतात! तुमाले आमच्यासाठी एक साधी चिठ्ठी नाही लपवता आली?”

ते चार शब्द अजून माझ्याकडेच आहेत.

*

ती मॅच आम्ही एका बास्केटनं हरलो. करुणा एका कोपऱ्यात बूट सोडत बसली होती. तिचं ते शेवटचं वर्ष. मला तिच्याजवळ जायचा धीर होईना.

संध्याकाळी निवड समिती बसली. त्या वर्षी समितीत ठोसर सर होते. म्हणजे संपलंच, असं समजून मी मंडपाच्या खुर्च्या मोजायला लागलो. तासाभरानं ठोसर सर बाहेर आले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

“तुझी पोट्टी घेतली बे.”

मला खरंच वाटेना. “सर, तुम्ही...?”

“मीच म्हटलं त्यायले. बाकी कोणी तिले पाह्यलीच नव्हती. तीन वर्षं पहिल्याच मॅचले ती आमच्यासमोरच आली ना! तिचा खेळ जिल्ह्यात माझ्याएवढा कोणाले माहीत हाय?”

त्यावर आभार मानायचे की भांडायचं, हे मला आजही कळलेलं नाही. मी चहा मागवला.

*

करुणा विद्यापीठाच्या टीमबरोबर दूर परराज्यात खेळायला गेली. पहिल्यांदाच एवढ्या लांब. टीममधल्या बाकीच्या पोरी अकोल्याच्या, अमरावतीच्या मोठ्या कॉलेजांच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजच्या ग्राउंडवर चुना टाकून घेत होतो, तेव्हा तिचा फोन आला.

“सर, ड्रॉ लागला. पहिलीच मॅच यजमानांशी. त्यायच्याच ग्राउंडवर.”

“अरे बापा!”

“मॅच सकाळी साडेसातची हाय. रेफ्री इथलेच. पब्लिक आत्तापासूनच बोंबलून राह्यलं. आपल्या टीमच्या पोरी तं सर, रडून राह्यल्या. म्हणतात, आमच्यासोबत असं कधीच झालं नाही. टीमसोबतच्या मॅडम त्यायले समजावून राह्यल्या.”

मी चुना टाकणाऱ्याला हातानं थांबवलं. म्हटलं, “अन् तू? तू घाबरली तं नाही ना?”

“मी?” ती हसली. “मले तं एकदम घरच्यासारखं वाटून राह्यलं, सर!”