खिडकीमागचा अधिकारी

विभागप्रमुखांनी माझा एक तास वेळापत्रकातून काढून टाकला, तेव्हा मी हातातला मार्कर त्यांच्या टेबलावर आपटला. आपटायला नको होता हे मान्य आहे. वाईट मात्र अजूनही वाटत नाही.

वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी भाषाशाळेत मी मराठी शिकवते. माझे विद्यार्थी म्हणजे अमेरिकन सरकारचे अधिकारी. इथे काही महिने मराठी घोटून ते मुंबईला जातात आणि व्हिसाच्या खिडकीमागे बसतात. समोरच्या माणसाला अमेरिकेत येऊ द्यायचं की नाही, ते त्यांनी दोन-तीन मिनिटांत ठरवायचं. माझं मागे घरदार आहे, मी परत येणार आहे, हे अर्जदारानं स्वतः पटवून द्यायचं असतं.

आता मला सांगा, आपल्याकडची कुठली बाई परक्या माणसापुढे घरादाराचा मोठेपणा सांगत बसेल? चार भाज्या आणि पुरण घालूनसुद्धा आपण पाहुण्यांना म्हणतो, काही विशेष नाही हो, साधंच केलंय. आमच्याकडे लाजेनं मोठं ते लहान करून सांगतात, आणि खिडकीमागचा माणूस ते जसंच्या तसं लिहून घेतो. म्हणून तो तास मी सुरू केला होता. त्यात मी अर्जदार व्हायचे, आपल्या माणसांसारखी उत्तरं द्यायचे, आणि विद्यार्थ्यानं पहिल्या उत्तरावर न थांबता पुढे विचारायचं.

विभागप्रमुख मूळचे पुण्याचे. म्हणाले, "मॅडम, हे टेस्टमध्ये येतच नाही. तिथे इलेक्शन येतं, क्लायमेट येतं. आपल्याला स्कोअर दाखवायचाय. तुमचा रोल-प्ले कॅन्सल केलाय मी. आणि तुमचा तो ओहायोवाला स्टुडंट तर ऑलरेडी काय मस्त मराठी बोलतो!"

मस्त बोलतो! याच शब्दांनी माझं डोकं फिरलं, कारण अगदी हेच मी एकदा फोनवर ऐकलं होतं.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला आई येणार होती. मी तेव्हा अमेरिकेतच, पिस्कॅटवे नावाच्या गावात, नवरा दिवसभर कामावर, आणि डॉक्टरांनी मला झोपून राहायला सांगितलेलं. आई कोकणातून मुंबईला गेली, नवी साडी नेसून रांगेत उभी राहिली. संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, नाही म्हणाला तो. पण काय मस्त मराठी बोलतो! 'माफ करा, मी आपल्याला व्हिसा देऊ शकत नाही' म्हणाला. इतका नम्र!" त्यानं विचारलं होतं, गावाकडे तुमचं काय आहे? आणि माझ्या आईनं, जिच्या घरामागे सुपारीची बाग होती, सांगितलं होतं, "कसलं काय हो! आहे आपलं डोकं टेकायला." तिनं पुन्हा अर्ज केला नाही. त्या भल्या माणसाला कशाला परत त्रास, म्हणाली. बाळंतपण मी एकटीनं काढलं, आणि माझं घर आईनं कधीच पाहिलं नाही.

तो भला माणूसही कुठल्या तरी अशाच शाळेत शिकला असणार. माझ्यासारख्याच कुठल्या तरी बाईनं त्याला 'माफ करा' शिकवलं असणार, या विचारानं मी आजही चिडते.

मार्कर आपटून मी बाहेर आले ती थेट त्या ओहायोवाल्याकडे. उंच, शांत माणूस, शेतकऱ्याच्या घरातला. वर्तमानपत्रातले अग्रलेख घडाघडा वाचायचा. पुढच्या आठवड्यात त्याची परीक्षा होती आणि मग लगेच मुंबई. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला रिकाम्या वर्गात नेलं, मध्ये टेबल ओढलं आणि म्हटलं, "ही खिडकी. मी मुलीच्या बाळंतपणाला निघालेली बाई आहे. विचार."

"नमस्कार. आपलं भारतात काय आहे?"

"कसलं काय हो! आहे आपलं डोकं टेकायला."

"नोकरी? शेती?"

"छे! चाललंय कसंबसं."

त्यानं मान हलवली. "माफ करा, मी आपल्याला व्हिसा देऊ शकत नाही."

उच्चार निर्दोष होता. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातलं कुणीतरी डोकावून गेलं. "का नाही?"

"ताई, तुम्हीच म्हणालात काही नाही म्हणून." तो गोंधळला होता.

मग मी त्याला आईची सगळी हकीकत सांगितली. शिक्षिकेनं असं सांगू नये बहुधा. त्यानं सँडविच बाजूला ठेवलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "परत करू या. बाई, घरामागे झाडं आहेत का?"

"आहेत थोडीशी. सुपारी आहे."

"तुम्ही तिकडे गेल्यावर त्यांना पाणी कोण घालणार?"

"तेच तर ना!" मी म्हणाले, आणि पुढचं माझ्या तोंडून आईच बोलू लागली. शेजारीण घालते म्हणाली आहे, पण तिचा भरवसा नाही. पडलेली सुपारी कोण वेचणार, गाय कोण पिळणार? पावसाच्या आत परतायलाच हवं, कौलं चाळायची आहेत. मुलीला जरा उठती-बसती केली की निघाले मी, तिकडे कोण राहतंय!

त्यानं टेबलावर शिक्का मारल्यासारखा हात ठेवला. "मंजूर."

मला रडू आलं, आणि रडतानाही रागच जास्त होता. तो तास वेळापत्रकात अजून आलेला नाही. मी तो जेवणाच्या सुट्टीत घेते, येणारे डबा घेऊन येतात.

झाडांना पाणी कोण घालणार? अर्ध्या मिनिटाचा प्रश्न. तो विचारायच्या ऐवजी त्या माणसानं माझ्या आईची माफी मागितली होती, अगदी शुद्ध मराठीत.