भिंगबाई आणि तीन छापखान्यांची कुलपं

औषधाच्या कंपनीत तळमजल्यावर, माल उतरवायच्या दाराला लागून एक लांबट खोली आहे. पांढराफटक उजेड, एक तिरकं टेबल, आणि टेबलापाशी सव्वीस वर्षं एकच बाई. गळ्यात काळ्या दोरीला भिंग. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला भिंगबाई म्हणतात. बाहेरच्या छापखान्यांतून बाटल्यांची लेबलं रोलवर गुंडाळून येतात आणि बाटलीला चिकटण्याआधी या बाईच्या नजरेखालून जातात.

एकदा खोकल्याच्या औषधावर 'झोपताना'च्या जागी 'झोपतान' छापून आलं. बाईने अख्खा माल परत धाडला. छापखानावाला फोनवर रडकुंडीला आला, "अहो बाई, एक काना तर आहे!"

"आज काना खाल्लात, उद्या वेलांटी खाल, परवा आकडा," बाई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

घरीसुद्धा तीच तऱ्हा. बिस्किटाचा पुडा मागून वाचल्याशिवाय फोडायचा नाही. नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "हिने लग्नाची पत्रिका चार वेळा तपासली. नवरा तपासायचा तेवढा राहून गेला."

तर अशा या बाईला एका सोमवारी खरेदीच्या बाईसाहेबांनी वर बोलावलं. तिथे एक चाळिशीच्या अलीकडचा माणूस बसला होता. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं कुणी शिरू नये हे बघायला तो नुकताच आला होता, आणि पंधरा दिवसांत त्याचं नाव कुलूपवाला पडलं होतं.

बाईसाहेब म्हणाल्या, "लहान मुलांच्या तापाच्या औषधाची लेबलं पुढची तीन वर्षं एकाच छापखान्याकडे द्यायची आहेत. छपाई तिघांचीही चांगली, ते तुम्हीच सांगितलंय. आता बघायचं, कुणाचे कॉम्प्युटर किती सुरक्षित आहेत. चाळीस प्रश्न आहेत. तिन्हीकडे जा, बघा, तीन रकाने भरा."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"यांना कळतं. यांना छापखान्यातलं कळत नाही. म्हणून दोघं जा."

"आणि तिसरा छापखाना माझ्या सख्ख्या दादाचा आहे. हे आत्ताच सांगून ठेवते. मागून कुणी म्हणायला नको."

"ठाऊक आहे. म्हणूनच दोघांची सही लागेल."

दादाच्या छापखान्यात दोन मशिनं होती आणि एक तर फक्त या कंपनीवर चालायचं. हे काम हातचं गेलं तर अर्धी माणसं घरी बसणार, हे बाईला जिना उतरतानाच कळत होतं. पण तिला भीती नव्हती. दादा म्हणजे टापटिपीचा पुतळा. लहानपणी त्याच्या पाट्यापेन्सिलींनासुद्धा नंबर असायचे.

पहिला छापखाना सगळा काचेचा. दारात फोटो काढला, गळ्यात पट्टा अडकवला, भिंतीवर प्रमाणपत्रं ओळीने. चाळीसला चाळीस 'होय'. कुलूपवाल्याने सहज विचारलं, "नोकरी सोडून गेलेल्यांची नावं कॉम्प्युटरच्या यादीतून कोण काढतं?" तिथल्या चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. यादी काढली तर आठ महिन्यांपूर्वी भांडून गेलेल्या चित्रकाराचं नाव आत जिवंत! आणि गेल्याच आठवड्यात तो घरबसल्या आत येऊन गेलेला. व्यवस्थापकाचा चेहरा पार उतरला. त्याने पाणी मागवलं ते पाहुण्यांसाठी म्हणून, आणि प्यायला स्वतःच.

दुसरा छापखाना एका मालकीणबाईंचा. चाळीसपैकी सतरा 'नाही', आणि प्रत्येक 'नाही'पुढे तारीख: या महिन्यात करणार, पुढच्या महिन्यात करणार. "गेल्या वर्षी आमचं सगळं कुणीतरी बंद पाडलं," त्या उघडउघड म्हणाल्या. "खंडणी मागत होते. मी म्हटलं, बसा बोंबलत. रोजची एक प्रत आम्ही वेगळी काढून कपाटात ठेवायचो, म्हणून तिसऱ्या दिवशी उभे राहिलो. तेव्हापासून मला खोटं 'होय' लिहायची हिंमतच होत नाही."

बाहेर आल्यावर भिंगबाई म्हणाली, "सतरा चुका कबूल करणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता."

"मीसुद्धा," कुलूपवाला म्हणाला.

मग दादाकडे. दादाने फाटकातूनच हाक घातली, "ये गं चिमणे! मोठ्या भावाची परीक्षा घ्यायला आलीस होय?" चहा आधीच मागवून ठेवला होता. कागदही भरून तयार. चाळीसला चाळीस 'होय', एकसारख्या अक्षरात.

दादाच्या छापखान्यात प्रत्येक वस्तूला लेबल. पंखा एक, पंखा दोन, पंख्याचं बटण, कात्र्यांचा खण, 'रिकामा खण' असा एक रिकामा खण. "लेबलवाल्याकडे लेबल नसेल तर कुणाकडे असणार?" दादा म्हणाला. बाईला हसू आलं. ती मशीनपाशी पोचली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

मशीनच्या अंगावर गोल कोपऱ्यांचं, चकचकीत, निळ्या किनारीचं लेबल होतं. त्यावर तीन ओळी: फाईली ठेवतात त्या जागेचा इंटरनेटवरचा पत्ता, आत जायचं नाव, आणि पासवर्ड.

"दादा, हे काय?"

"पासवर्ड. माणसं विसरतात, मग मला घरी फोन करतात. म्हणून लेबल करून टाकलं. वर प्लास्टिकचा थर आहे, ओल्या फडक्याने पुसलं तरी जात नाही."

कुलूपवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे बाहेरच्या कुणी बघितलं तर?"

"बाहेरचा येतो कशाला आत? फाटकावर माणूस आहे माझा."

एवढ्यात मशीनवर नवा रोल चढला. शाई नीट बसेपर्यंत हातभर लांब काहीतरी छापत राहावं लागतं, तशी पट्टी सरकू लागली. बाईने सवयीने भिंग लावलं. त्याच तीन ओळी. एकाखाली एक, तीसेक वेळा.

"अगं, सुरुवातीला काहीतरी मजकूर लागतो," दादा म्हणाला. "मशीन बसवलं त्या दिवशी समोर हेच लेबल होतं. तेच टाकलं."

बाईने भिंग खाली घेतलं. ही पट्टी तिच्या ओळखीची होती. दोन वर्षं प्रत्येक रोलची सुरुवात फाडून ती टेबलाखालच्या टोपलीत टाकत होती. चांगल्या लेबलांच्या आधीचा कचरा, तो कोण वाचतो? टोपली संध्याकाळी मागच्या गल्लीत रिकामी व्हायची. आणि दादाची गिऱ्हाइकं तर आणखी अकरा होती.

"बरं, कळला पासवर्ड," दादा आता जरा तडकला होता. "पुढे काय? लेबलं चोरून करणार काय कुणी? कपाळाला चिकटवणार?"

"परवानगी देत असाल तर फाटकाबाहेर जाऊन दाखवतो," कुलूपवाला म्हणाला.

"जा की."

रस्त्यापलीकडे बाक होता. दोघं तिथे बसले. कुलूपवाल्याने आपल्या फोनवर त्या तीन ओळी टाकल्या आणि चहा गार व्हायच्या आत दादाचा छापखाना त्याच्या तळहातावर उघडला. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं लेबल. 'एका वेळी २.५ मिली.'

बाईने दादाला फोन लावला. "दादा, आम्ही आत आहोत. हा म्हणतो, अडीचमधलं टिंब काढतो."

"काढू दे! माझ्या मशीनवाल्याला तीस वर्षं झाली. त्याच्या डोळ्यांतून सुटलं तर मिशी काढीन."

कुलूपवाल्याने टिंब काढलं. फाईल ठेवून दिली. दोघं उठून रस्ता ओलांडून परत आले.

तोवर मशीनने ती फाईल उचललीही होती. फाईली ठेवायच्या जागी नवी फाईल पडली की मशीनने आपली आपण छापायला घ्यायची, अशीच तिथली पद्धत. लेबलं सळसळत बाहेर येत होती. मशीनवाल्याने हातभर पट्टी कापली, उजेडात धरली, रंगाच्या कार्डाशी लावली, कडा बोटाने चाचपल्या आणि वहीत सही ठोकली. दादा हाताची घडी घालून बाजूला उभा. मशीनवाला आत्ता ओरडेल, मग ओरडेल, याची वाट बघत. मशीनवाला शीळ घालत होता.

"नीट बघितलंस का रे?"

"बघितलं की मालक. निळा कालच्यापेक्षा झकास आलाय."

"वाच."

"काय वाचू?"

"लेबल वाच!"

मशीनवाला चक्रावला. "मालक, मी कधी वाचतो? फाईलमध्ये असतं तसंच छापून येतं ना."

दादाने पुढे होऊन लाल बटण दाबलं. मशीन थांबलं तशी छपराखाली अशी शांतता झाली की पंखा दोनची कुरकुर ऐकू आली.

"मिलीच्या आधीचा आकडा वाच."

"पंचवीस," मशीनवाला म्हणाला. आणि मग पुन्हा, हळू, "पंचवीस? तान्ह्या पोराला?" त्याने हातातली पट्टी टेबलावर अशी ठेवली, जणू ती भाजत होती.

दहापट औषध. दादा म्हणाला, अगदी काकुळतीने, "पण तुझ्याकडे सापडलंच असतं गं. चिमणे, तुझ्या भिंगातून आजवर सुटलंय का काही?"

सगळे तिच्याकडे वळले. 'अलबत' हा शब्द तिच्या जिभेवर आलाही होता. तेवढ्यात तिचं लक्ष मशीनवाल्याच्या हातांकडे गेलं. ते हात हबकलेल्या माणसाचे होते, पण सवयीने आपलं काम करत होते: त्याच रोलवरून एक लेबल कापलं, त्याच्या पाठीवर 'मंजूर नमुना' असा शिक्का मारला, पाकिटात घातलं, पाकीट रोलच्या भोकात खुपसलं.

बाईने ते पाकीट रोलमधून परत बाहेर काढलं.

पूर्वी कंपनीच्या डॉक्टरांनी सही केलेला नमुना तिच्या खणात असायचा. त्याच्याशी ताडून ती लेबलं तपासायची. मग तो पिवळा पडला, रंग उडाला. दोन वर्षांपूर्वी तिनेच दादाला फोन केला होता, "दर वेळी रोलसोबत ताजा नमुना पाठवत जा रे, ताडायला सोपं पडतं." दादाने बहिणीचा शब्द झेलला होता. म्हणजे हा रोल उद्या तिच्या टेबलावर आला असता. तिने भिंग लावून पंचवीस पंचवीसशी ताडलं असतं, काना, मात्रा, वेलांटी, सगळं. आणि 'बरोबर' म्हणून शिक्का मारला असता.

"नसतं सापडलं," ती म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"नसतं सापडलं दादा. मी नक्कल नकलेशी लावत होते. दोन वर्षं."

कुलूपवाल्याने आपली वही मिटली. त्याच्या चाळीस प्रश्नांत हा प्रश्नच नव्हता.

चुकीचा रोल त्यांनी तिथेच, चौघांनी मिळून, कागद फाडायच्या यंत्रात घालून फाडला. फाईलमधलं टिंब परत जागेवर घातलं, पासवर्ड बदलला, इंटरनेटवरून आत यायचं दार बंद केलं. फाटकापर्यंत सोडायला आलेला दादा थांबला.

"लिहिणार?"

"लिहिणार."

"माझं लिही. माझी चूक आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुझं कशाला? कुणी विचारलंय का तुला?"

"तुझं लिहून माझं गाळलं तर मी तुला तोंड कसं दाखवू?"

"ते आता तसंही काही दिवस नको दाखवूस," दादा म्हणाला. रागाने नव्हे. "माणसांना काय सांगायचं ते आधी ठरवू दे मला."

बाईसाहेबांच्या टेबलावर कागद गेला तेव्हा त्यावर चार रकाने होते. काचेचा छापखाना, मालकीणबाई, दादा, आणि चौथा: 'आपली तपासणी खोली'.

"हा कशाला?" बाईसाहेबांनी पेन्सिल त्यावर आडवी धरली. "आपण छापखाने तोलतोय. हा खोडते."

"चोर शिरला असता तर शेवटचं दार माझं होतं बाईसाहेब. ते सताड उघडं होतं. तो रकाना खोडलात तर माझी सहीही खोडा."

बाईसाहेबांनी कुलूपवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "माझीही."

काम मालकीणबाईंना मिळालं. दादाचं एक मशीन त्याच आठवड्यात थांबलं. मशीनवाल्यासकट चार माणसं मालकीणबाईंनी आपल्याकडे घेतली, उरलेल्यांचं काय झालं हे दादाने बहिणीला सांगितलं नाही आणि तिला विचारवलं नाही. बाईच्या माथी मात्र दुसरंच काम आलं: दोन वर्षांतल्या प्रत्येक खेपेचं एकेक जपून ठेवलेलं लेबल मूळ कागदाशी ताडायचं. मूळ कागद तिसऱ्या मजल्यावर, औषधाचं प्रमाण ठरवणाऱ्या डॉक्टरांकडे. सव्वीस वर्षांत बाई तिसऱ्या मजल्यावर पहिल्यांदाच गेली.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "तुम्ही कोण?"

"तळमजल्यावरची. छापलेली लेबलं तुमच्या कागदाशी ताडून बघणारी."

"माझ्या कागदाशी?" डॉक्टर उठून उभेच राहिले. "तो तर दोन वर्षांत कुणी मागितलाच नाही. मला वाटलं, छापखान्यात वाचून घेत असतील."

"छापखान्याला वाटत होतं, मी वाचते."

"आणि तुम्हाला?"

"मलाही तेच वाटत होतं."

डॉक्टरांनी कपाट उघडलं. चार दिवस दोघं समोरासमोर बसले. डॉक्टर मूळ कागद मोठ्याने वाचायचे, बाई लेबलावर बोट आणि भिंग सरकवायची. खेपेमागून खेप. 'एका वेळी दोन, टिंब, पाच.' तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा घसा बसला तर बाईने वाचलं आणि डॉक्टरांनी भिंग धरलं.

सगळी बरोबर निघाली. एकही टिंब हललं नव्हतं.

डॉक्टरांनी पाठ टेकली, कपाळ पुसलं. "सुटलो बुवा."

"कुणामुळे?" बाईने विचारलं.

"कुणामुळेच नाही, टिंब काढायला कुणी आलं नाही एवढंच," डॉक्टर म्हणाले आणि मूळ कागद कपाटात न ठेवता त्यांनी बाईच्या हातात दिला.